ट्वेल्व अपोसल्स एका दिवसात होतात का? (ग्रेट ओशन रोड)

निळाई
नोव्हेंबरात मेलबर्नला भावाकडे जातोय, सोबत आईबाबा. ट्वेल्व अपोसल्स, म्हणजे किनाऱ्याजवळ समुद्रात उभे असलेले ते चुनखडीचे सुळके, बघायचं फार दिवसांपासून मनात आहे. दादा म्हणतो पहाटे निघू आणि रात्री परत येऊ, पण मॅपवर ग्रेट ओशन रोडने किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं तर एका बाजूलाच पावणेतीनशे किमी दाखवतंय. झेपेल का? बाबांचे गुडघे दुखतात, खाली बीचवर उतरता येतं का तेही सांगा.

भटकभवानी
एका दिवसात नका करू गं. आम्ही केलं होतं आणि अजून हळहळ वाटते. टॉर्कीपासून अपोलो बेपर्यंत रस्ता समुद्राला चिकटून, नुसती वळणं, जागोजागी थांबावंसं वाटतं, आणि तिथे पोचलो तेव्हा भर दुपारचं ऊन, सुळके अगदी फिके पांढुरके दिसत होते आणि गाडी चालवून नवरा पार दमलेला. पुढच्या खेपेला तिथल्या जवळच्या पोर्ट कॅम्पबेल गावात राहिलो. उन्हं कलली तसे तेच दगड मधाच्या रंगाचे झाले, चुनखडीचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसायला लागले, आणि अंधार पडता पडता खाली वाळूवर काळे ठिपके सरकताना दिसले, ते छोटे पेंग्विन! नोव्हेंबरात सूर्य आठनंतर मावळतो, म्हणून मुक्काम हवाच. परतताना कोलॅकवरून आतल्या रस्त्याने या, अंतर कमी पडतं. रात्री मात्र गाडी नकोच, कांगारू मध्ये येतात.

खडकवेडा
+१. आणि बारा मोजत बसू नका, बारा कधी नव्हतेच. आधी या जागेला डुकरीण आणि तिची पिल्लं अशा अर्थाचं नाव होतं. चुनखडी मऊ, लाटा कड्यात आधी गुहा कोरतात, ती आरपार गेली की कमान, कमानीचं छत पडलं की समुद्रात उरतो एकटा सुळका. आणि तोही पडतो, ३ जुलै २००५ ला जवळपास ५० मीटर उंचीचा एक कोसळला. थोडं पुढे लंडन ब्रिज नावाचा खडक आहे, त्याची किनाऱ्याला जोडलेली कमान १९९० मध्ये पडली तेव्हा दोन पर्यटक पलीकडे अडकले होते, हेलिकॉप्टरने काढावं लागलं. तिथे उभं राहून हे डोळ्यासमोर आणा, अंगावर काटा येतो. लॉक आर्ड गॉर्ज ही कड्यांमधली घळ पण चुकवू नका, १८७८ मध्ये तिथे लॉक आर्ड जहाज फुटलं, ५४ पैकी दोघंच वाचले.

भटकभवानी
बाबांचं राहिलंच. वरच्या गॅलरीपर्यंत चांगली बांधलेली वाट आहे, सावकाश जमेल. बीचवर जायला गिब्सन स्टेप्स, कड्यात कोरलेल्या ८६ पायऱ्या, ओल्या असल्या की निसरड्या, त्यांना नको. तुम्ही दोघं उतरा, खालून मान वर केली की खरी उंची कळते. दरड पडली किंवा समुद्र खवळला की बंद ठेवतात, निघताना बघून घ्या.

निळाई
खूप आभार! दादाला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले, एक रात्र पोर्ट कॅम्पबेल ठरलं. बाबा आत्तापासून विचारताहेत पेंग्विन बघायला दुर्बीण घेऊ का :)

भटकभवानी
घ्याच! आणि जाड जॅकेटपण, वारा जबरदस्त असतो.