ओझोन बसवला म्हणून क्लोरिन बंद करायचा?

जलतंत्री
‘ओझोन बसवा आणि क्लोरिन कायमचा बंद करा’ हा पिण्याच्या पाण्यावरच्या कालच्या लेखातला सल्ला वाचून राहवलं नाही. पाण्यातला ओझोन २० अंशांना, पीएच ७ च्या आसपास, साधारण २० मिनिटांत निम्मा होतो. पीएच वाढला की त्याहून लवकर. नळापर्यंत काहीच उरत नाही. शिवाय ओझोन मोठे सेंद्रिय रेणू तोडतो आणि त्या तुकड्यांवर जिवाणू पोसले जातात. म्हणून ओझोननंतर जैविक कार्बन फिल्टर (त्यातले जिवाणू ते तुकडे आधीच खाऊन टाकतात) आणि शेवटी थोडा क्लोरिन लागतोच.

निर्मळ
आणि क्लोरिनमुळे पाण्यात बनणारे घातक ट्रायहॅलोमिथेन? ते सोयीने वगळलेत! क्रिप्टोस्पोरिडियमला (जुलाब करणारा परजीवी, म्हणजेच क्रिप्टो) नेहमीच्या मात्रेतला क्लोरिन काहीही करत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकीत त्याच्यामुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले तेव्हा पाण्यात क्लोरिन होताच. नंतर त्या शहराने ओझोन बसवला. ॲमस्टरडॅम तर क्लोरिनशिवाय पाणी पुरवतं.

जलतंत्री
ॲमस्टरडॅमला ओझोनच्या पुढे सक्रिय कार्बन आणि संथ वाळूगाळणी आहे, गळतीही अगदी कमी. तेवढं सगळं असेल तर मान्य. लेखात यातलं एक अक्षर नाही.

ब्रोमाइड_बघा
दोघंही ब्रोमेट विसरलात. कच्च्या पाण्यात ब्रोमाइड क्षार असेल तर ओझोनमुळे ब्रोमेट हे घातक रसायन बनतं, आणि त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पीएच ६.५ च्या आसपास आणा किंवा आधी थोडा अमोनिया द्या. ब्रोमाइड न तपासता मात्रा ठरवूच नका.

यंत्रचालक
ओझोन जनरेटरला जाणारी हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरबद्दल कुणी बोलणार आहे का? ओझोन कमी पडतो तेव्हा आधी तिथेच बघा. हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातला ओलावा साचू लागतो) उणे ६० अंश सेल्सियस किंवा त्याखाली असायला हवा. ओलावा शिरला की हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल तयार होतं, जनरेटरच्या नळ्यांवर थर बसतो आणि शेवटी डायइलेक्ट्रिक (त्यातला विद्युतरोधक भाग) फुटतो.

निर्मळ
हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा कॉन्सन्ट्रेटर लावा, विषय संपला.

यंत्रचालक
संपला कसा? कॉन्सन्ट्रेटरचा झिओलाइट (नायट्रोजन शोषून घेणारा पदार्थ) ओल्या हवेनेच निकामी होतो. वीज गेली की संपर्क टाकीतलं पाणी उलटं जनरेटरमध्ये येतं. त्यासाठी ३१६ स्टीलचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह द्या आणि गॅसची नळी पाण्याच्या पातळीच्या वरून वळवून आणा. साधं रबर वापरलंत तर त्याला भेगा पडतात, सील टेफ्लॉनचे घ्या. बाहेर पडणारा ओझोन नष्ट करणारा कॅटॅलिस्ट कोरडा आणि कोमट ठेवा, ओला झाला की तो काम सोडतो. खोलीत सेन्सर ०.१ पीपीएमला वाजला पाहिजे. वासावर विसंबू नका, नाक लवकर सरावतं.

निर्मळ
नुसती भीती घालताय! असे प्लांट वर्षानुवर्षं नीट चालतात.

यंत्रचालक
हे सगळं केलेलं असतं म्हणून चालतात. भीती नाही, देखभालीची यादी आहे.

जलतंत्री
आणि जनरेटरच्या ‘ग्रॅम प्रति तास’वर निर्जंतुकीकरण ठरवू नका. टाकीत ४ मिनिटं ०.४ मिलिग्रॅम प्रति लिटर ओझोन टिकला का, ते मोजा, तेही इंडिगो पद्धतीने (ओझोनने निळा रंग किती फिका पडतो ते बघून). क्लोरिन रंगावरून मोजणारी डीपीडी गोळी ओझोनलाही रंग देते, म्हणून ती फसवते. शिवाय हा हिशेब विषाणू-जिवाणूंपुरता. क्रिप्टोला, विशेषतः थंड पाण्यात, कितीतरी जास्त लागतं.

निर्मळ
ठीक आहे, नळांच्या लांब जाळ्याला शेवटी क्लोरिन ठेवा. पण ओझोन आणि कार्बननंतर पाण्याची क्लोरिनची मागणी घटते, तरी जुनीच मात्रा ओतत राहणारे आहेतच. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन मिळत असेल तर त्याहून जास्त कशाला?

जलतंत्री
याला माझा विरोध नाही. फक्त ते ०.२ शेवटच्या नळालाच मोजा, पंपाशेजारी नव्हे.