एकमेकींचं लिहिलेलं एकमेकींनीच वाचायचं का?

तिखटमीठ (धागाकर्ती)

८ मार्चच्या लेखांवर चर्चा चालू असताना इथल्या एका सदस्यांनी टोला हाणला होता: "या स्त्रीवादी बायका एकमेकींसाठी लिहितात, एकमेकींना पाठवतात आणि एकमेकींची पाठ थोपटतात." तिथे विषयांतर नको म्हणून गप्प बसले. म्हणून हा वेगळा धागा.

हो, आम्ही पाठवतो. आमचा एक गट आहे. कुणी नाशिकची, कुणी सांगलीची, कुणी ठाण्याची, एक मेलबर्नला. रविवारी सकाळी, जिने काही नवं लिहिलंय तिने ते गटात टाकायचं आणि कुठे अडलंय ते दोन ओळींत सांगायचं. पण त्याआधी दुसऱ्या दोघींचं वाचून त्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. लेखांची भिशीच म्हणा ना, हप्ता भरल्याशिवाय उचल नाही. आणि नुसतं "छान", "मस्त", "भिडलं" असं लिहायला बंदी.

हे का लागतं? आमच्यातली एक बँकेत आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर दूध काढायला जागा नाही, म्हणून ती जुन्या खतावण्यांच्या खोलीत धुळीत बसायची. त्यावर तिने लिहिलं. खाली प्रतिसाद काय, तर पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या, मग नोकऱ्या करता कशाला, आणि एका महाभागाने तर नवऱ्याचा पगार विचारला. लेखाबद्दल अवाक्षर नाही. गटात मात्र तिला पहिलाच प्रश्न आला: "शाखा व्यवस्थापकाला खलनायक केलंस ते ठीक, पण त्या खोलीची किल्ली तुला गुपचूप कोण द्यायचं? झाडलोट करणाऱ्या मावशी ना? मग त्या लेखात कुठायत?" तिने तो भाग पुन्हा लिहिला आणि लेख वेगळाच झाला. याला पाठ थोपटणं म्हणत असाल तर म्हणा.

ताराबाई शिंद्यांचं उदाहरण घ्या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला झाला आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीचा उद्धार सुरू झाला. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी त्याला उत्तर लिहिलं, 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ साली पुण्यात छापलं. टिंगल झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक नाही. जोतीरावांसारखा पाठीराखा होता, बरोबरीने लिहिणाऱ्या चारजणी नव्हत्या. असत्या तर दुसरं पुस्तक आलं असतं, असं माझं मत.

बोला आता.

जुना पुणेकर

टोला माझाच होता, तेव्हा उत्तरही मीच देतो.

अहो रूपम् अहो ध्वनिः, दुसरं काय! तुमची बंदी "छान"वर आहे, पण गटातल्या सगळ्यांची मूळ मतं आधीपासून एकच असतील तर किल्ली कुणाकडे होती यावर कितीही किस काढा, वाद झाला असं होत नाही. आमच्याकडे गावोगावच्या साहित्य मंडळांत पुरुषांनी हेच वर्षानुवर्षं केलं. तू माझ्या कवितासंग्रहाला प्रस्तावना दे, मी तुझ्या प्रकाशनाला अध्यक्ष होतो. तेही भिकार होतं. तीच चूक तुम्ही समतेच्या नावाने करायची?

आणि ताराबाईंना यात कशाला ओढता? त्यांनी ते पुस्तक मैत्रिणींत फिरवायला लिहिलं नव्हतं. थेट पुरुषांना अंगावर घेऊन लिहिलंय. छापखान्यात दिलं, पाचशे प्रती काढल्या, किंमत नऊ आणे ठेवली. छापलं होतं म्हणून तर ९३ वर्षांनी, १९७५ साली संशोधक स. गं. मालशे ते पुन्हा लोकांपुढे आणू शकले. तुमचे रविवारचे निरोप कोण शोधून काढणार? फोन बदलला की संपलं.

खडूफळा

इतिहास शिकवते म्हणून मध्ये तोंड घालते. दोघांचंही निम्मं बरोबर आहे.

"चारजणी नव्हत्या" हे तितकंसं खरं नाही. ज्या १८८२ साली ताराबाईंचं पुस्तक पुण्यात छापलं, त्याच साली त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. बायका जमत होत्या, बोलत होत्या, वाचत होत्या. लेखिका काशीबाई कानिटकर त्याच पिढीतल्या, आणि त्यांचा कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांशी पत्रव्यवहार होता, म्हणजे लिहिणाऱ्या बाईला वाचणारा पुरुषही मिळू शकत होता. फक्त ही सगळी मंडळी पुण्या-मुंबईच्या सुधारक, बहुतेक ब्राह्मण घरांतली. ताराबाई मराठा, वडील फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, मुक्काम बुलढाणा. तेव्हा वर्तुळ नव्हतं असं नाही, वर्तुळ होतं आणि ताराबाई त्यात नव्हत्या. मला विचाराल तर हे जास्त बोचणारं आहे.

दुसरं पुस्तक का आलं नाही हे मात्र आपण कल्पनेनेच ठरवतोय. त्यावर इमारत बांधू नये.

निळी वही

खडूफळा, बरं झालं तुम्ही बोललात, नाहीतर मलाच ते भांडण उकरावं लागलं असतं.

मी अशा एका गटात होते. बौद्ध मी एकटीच. वाईट कोणी वागलं नाही, उलट फार चांगलं वागल्या, तोच घोळ होता. माझ्या प्रत्येक लेखावर "धाडसी", "सुन्न झाले", "निःशब्द". मी वसतिगृहातल्या मेसबद्दल लिहिलं, सुन्न. आजीच्या दागिन्यांबद्दल गंमतीचं लिहिलं, तरी सुन्न! दुसऱ्या मुलीच्या लेखावर मात्र चर्चा कसली, तर तिसऱ्या परिच्छेदात काळ बदलतो तो खटकतो, शेवट लांबलाय, ही उपमा आधी कुणी वापरलीय. म्हणजे तिचं ते लिखाण आणि माझा तो अनुभव. निःशब्द झालेल्या बाईकडून मी काय सुधारणा घेणार?

शेवटी सोडला गट. आता आम्ही तिघीजणी फोनवर एकमेकींना वाचून दाखवतो. वाचताना जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं, समोरचीने काही म्हणायचीही गरज पडत नाही.

तिखटमीठ, तुमच्या गटात कोण कोण आहे ते गावांच्या नावांनी सांगितलंत. नाशिक, सांगली, मेलबर्न. पुढचं विचारू का?

तिखटमीठ

विचारा. बहुतेकजणी सवर्ण आहेत. एक मुस्लिम, एक धनगर समाजातली. दलित मैत्रीण सध्या कुणी नाही. तुम्ही सांगितलंत तसं "निःशब्द" आमच्याकडेही येत असेल, पुढच्या रविवारी मी त्या नजरेने जुने निरोप वाचणार आहे. पण त्यावरून गट असूच नये, हे मी काढणार नाही. तुम्हीही तर तिघींचा केलातच.

पुणेकर, मूळ मतं एकच असतात हे कुणी सांगितलं तुम्हाला? वेश्याव्यवसाय हे काम मानायचं की शोषण, यावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते मिटण्याची लक्षणं नाहीत. घरकामाच्या बायकांच्या पगारावर तर एकीने रागाने महिनाभर बोलणं टाकलं होतं.

जुना पुणेकर

निळी वही यांचा प्रतिसाद हा माझ्याच मुद्द्याचा पुरावा आहे. आपल्याआपल्यात वाचलं की सभ्यता आड येते, अनोळखी वाचकाला ती भीड नसते.

दलित लेखिका बेबीताई कांबळ्यांचं आत्मकथन 'जिणं आमुचं' लोकांपर्यंत कसं गेलं? 'स्त्री' मासिकातून, १९८२ मध्ये क्रमशः. किर्लोस्करांनी १९३० साली काढलेलं मासिक, विकत घेऊन वाचलं जाणारं, घराघरांत जाणारं. संपादक, वर्गणीदार, टीकाकार असा सगळा खुला कारभार. मैत्रिणींचा कट्टा नव्हे.

निळी वही

पुणेकर, पुरावा वगैरे तुमचा नाही हो. भीड मला नको होती आणि तुमचा अनोळखी वाचकही मला काही काळ नको होता, कारण तो आधी आडनाव वाचतो.

आणि बेबीताईंची गोष्ट अर्धीच का सांगता? मासिकात येण्याआधीची वीसेक वर्षं ते लिखाण घरातच दडवून ठेवलेलं होतं. फलटणला दुकान होतं त्यांचं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या, गल्ल्यावर बसून वहीत लिहायच्या आणि नवऱ्याच्या, घरच्यांच्या हाती लागू नये अशा जागी वही ठेवायच्या. ती वही तिथून निघून छापखान्यापर्यंत गेली ती मॅक्सिन बर्नसन यांनी छापायचा आग्रह धरला म्हणून. त्या अमेरिकेतून येऊन फलटणला राहिलेल्या. म्हणजे मासिकाच्या आधी एक वाचणारी बाई होतीच, तिखटमीठ म्हणतात तशी. फक्त ती ना बेबीताईंच्या जातीची, ना इथल्या लेखिकांच्या वर्तुळातली. दोन्ही बाजूंनी याचा विचार करा.

गटप्रवर्तक

मी लातूर जिल्ह्यात आशाताईंची, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांची, गटप्रवर्तक आहे; त्यांच्या कामावर देखरेख माझ्याकडे. लिहिते अधूनमधून. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो कडक आहे, राग मानू नका.

अशा गटांत राहून भाषा बिघडते. माझी बिघडली. "पितृसत्ताक संरचना", "देहाचं वस्तुकरण", "अवकाश नाकारला जाणं". गटात या शब्दांना माना डोलतात, त्यामुळे पुढच्या लेखात ते आणखी येतात. एकदा आमच्या मासिक बैठकीत वेळ उरला म्हणून मी माझा लेख वाचून दाखवला. विषय त्यांचाच होता. रात्री अडीचला फोन येतो, बाळंतीण घेऊन दवाखान्यात जायचं, सासू म्हणते गाडी येईपर्यंत थांब, आणि आशाताईच्या स्वतःच्या घरात नवरा दार आतून लावून घेतो. वाचून झाल्यावर एकजण म्हणाली, "मॅडम, छान आहे. पण हे कुणाचं चाललंय?" स्वतःची गोष्ट तिला ओळखू आली नाही! गटात याच लेखावर सर्वांत जास्त कौतुक झालं होतं.

तेव्हापासून माझं म्हणणं आहे की बाईने बाईलाच दाखवावं, पण लिहिणारीने लिहिणारीला नव्हे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' केलं, १९८९ मध्ये. त्या बायकांपैकी कितीजणी लिहीत होत्या? इथे रविवार सकाळची वेळ ठेवलीय म्हणता. ज्यांच्या घरी रविवारी सकाळी पाहुणे नसतात त्यांच्यासाठी ती ठीक आहे.

बिनचेहरा

एक व्यवहाराची गोष्ट कुणीच बोललं नाही. कच्चं लिखाण गटात टाकता तेव्हा ते तिथेच राहतं का? माझं राहिलं नाही. घटस्फोटाच्या काळात लिहिलेल्या मजकुराचा फोटो काढून कुणीतरी पुढे पाठवला आणि दोन दिवसांत माझ्या मामेसासूबाईंकडे होता. कुणी केलं हे आजपर्यंत कळलं नाही. भगिनीभाव वगैरे शब्द मला तेव्हापासून पेलत नाहीत.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तेव्हा मालतीबाई बेडेकर विभावरी शिरूरकर या नावाआड होत्या, आणि ही बाई कोण याची गावभर चर्चा. त्यांनी नाव किती थोड्यांना माहीत होऊ दिलं असेल याचा मी आजकाल विचार करते. छापून आलेलं खुशाल पाठवा. कच्चं दाखवायचं तर एकीला, समोर बसून, कागदावर. आणि कागद परत घ्या.

तिखटमीठ

बिनचेहरा, तुमच्याबाबतीत जे झालं ते भयंकर आहे. आमच्याकडे कच्चं टाकत नाही, प्रसिद्ध झालेलंच टाकतो. अडलेलं असतं ते पुढच्या लेखासाठी किंवा पुन्हा लिहिण्यासाठी. हे आधीच लिहायला हवं होतं असं कुणी म्हणायच्या आत सांगते, नियम म्हणून ठरवलेलं नव्हतं, आता ठरवू.

गटप्रवर्तक, तुमच्या आशाताईंचा प्रश्न झोंबला. पण त्या एका वाक्यावरून लिहिणारींचं एकमेकींना वाचणंच फुकट ठरवता, ते पटलं नाही. जड शब्द तुमच्या गटाने चालवून घेतले, आमच्या बँकवालीला मावशींबद्दल गटानेच विचारलं. शेवटी गटात कोण आहे आणि त्या काय विचारतात, यावर सगळं आहे. आणि लिहिणारीला लिहिणारीच लागते अशाही जागा असतात. नवऱ्याबद्दल लिहायचंय, तो जिवंत आहे, शेजारच्या खोलीत आहे, मुलं मोठी होऊन वाचणार आहेत, आता काय गाळायचं? हे मी आशाताईला विचारू शकत नाही, संपादकालाही नाही. ज्या बाईने हे आधी केलंय तिलाच विचारते.

गटप्रवर्तक

आशाताईला का विचारू शकत नाही? तिला तर गावातल्या प्रत्येक घराचं काय बोलायचं आणि काय गिळायचं हे रोज ठरवावं लागतं. विचारून बघा एकदा.

जुना पुणेकर

चर्चा चांगली चाललीय, पण माझा मूळ प्रश्न लोंबकळतोच आहे. टीका कोण करणार? किल्ली, मावशी, काळ बदलणं, या दुरुस्त्या झाल्या. लेखाचा मुद्दाच चुकीचा आहे असं तुमच्या गटात कधी कुणी म्हटलंय का? आणि पुरुषांना प्रवेश आहे का?

तिखटमीठ

म्हटलंय, माझ्याच लेखाला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ दिलं, २०१६ साली, तेव्हा मी आनंदाने लिहिलं होतं. गटातल्या एकीने विचारलं की देवळात शिरायला मिळणं हा विजय मानायचा, तर देवळाचं राजकारण तुला मान्य आहे असं समजू का? मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, ती तिच्या.

प्रवेश नाही. लेख उघडे आहेत, खाली जागा आहे, तिथे लिहा. नवऱ्याचा पगार सोडून काहीही विचारा.

निळी वही

शनिशिंगणापूरवरचा तो लेख इथे टाका. मला दोघींशीही भांडायचंय. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळारामचा सत्याग्रह १९३० साली तुमच्याच नाशकात झाला होता, त्याचा उल्लेख लेखात आहे की नाही ते आधी बघते.