मदत हवी आहे: गणेशखिंडीतल्या परिषदेसाठी पाहुण्यांची राहण्याची सोय

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुणे विद्यापीठाच्या आवारात आमच्या विभागाची तीन दिवसांची परिषद आहे. बाहेरगावचे ३५ पाहुणे येणार आहेत, त्यातले बरेचसे मराठवाडा-विदर्भातले संशोधक विद्यार्थी. विद्यापीठाचं अतिथीगृह भरलंय. फर्ग्युसन रस्ता आणि मॉडेल कॉलनीतल्या हॉटेलांत विचारलं, पण लग्नसराईमुळे एकत्र खोल्या मिळत नाहीत. वाकड-हिंजवडीकडे मिळतात, पण सकाळच्या गर्दीत तिथून नऊच्या सत्राला वेळेवर पोचणं कठीण.

विद्यार्थ्यांसाठी माणशी रोज ८०० रुपयांपर्यंत बसेल, एका खोलीत तिघं चालतील. मुलींची सोय मात्र सुरक्षित आणि वेगळी हवी, त्यात तडजोड नाही. एका ज्येष्ठ प्राध्यापिकांना जिने चढवत नाहीत, त्यामुळे लिफ्ट किंवा तळमजला हवा.

खरी अडचण नेपाळ आणि श्रीलंकेहून येणाऱ्या चौघांची आहे. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याला २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन नोंदवावी लागते (पूर्वीचा फॉर्म सी), म्हणून छोटे लॉजवाले सरळ नाही म्हणतात. इतक्या लांबून येणाऱ्यांना दारातून परत जावं लागू नये, एवढीच काळजी आहे. त्यांच्यासाठी खोलीमागे ३,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

नागपूरच्या काही गाड्या सकाळी पुणे स्टेशनला येतात, तेव्हा लवकर चेक-इन मिळालं तर उत्तमच. बसची व्यवस्था आम्ही करतोय.

शिवाजीनगर, औंध, पाषाण, बाणेर भागात एखाद्या संस्थेचं वसतिगृह, धर्मशाळा किंवा अतिथीगृह बाहेरच्यांना खोल्या देतं का? आणि परदेशी पाहुण्यांची ही नोंद नियमित करणारं, परवडणारं हॉटेल कुणी अलीकडे स्वतः वापरलंय का?