मासे खातात, तरी वाळत चाललेत (लातूर, बोअरचं पाणी)

मांजराकाठ, लातूर
टाकी ३० × १२ × १५ इंच, पाणी १३ इंचांपर्यंत, त्यात तळाला २ इंच खडी. स्पंज फिल्टर. मॉली, गप्पी आणि दोन एंजल. टाकलेल्या खाद्यावर तुटून पडतात, पण पोट खपाटीला गेलंय. वरून बघितलं तर डोकं मोठं आणि पाठ सुरीच्या धारेसारखी. अंगावर डाग नाही, बुरशी नाही. एंजलची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबते. अधूनमधून एखादा मासा जातो. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४०, पीएच ८.२, टीडीएस (विरघळलेले क्षार) ११००. दुपारी पाणी ३३ अंशांवर जातं. दुकानदाराच्या सांगण्यावरून निळं औषध आणि खडेमीठ टाकून झालं, फरक नाही. आता टेट्रासायक्लिन टाकू का?

नाथसागर, छत्रपती संभाजीनगर
नका टाकू. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला ते चिकटतं, माशाच्या अंगात फारसं जात नाही. वर फिल्टरमधले कामाचे जिवाणू मरायची भीती. निळं औषध बाहेरच्या बुरशीचं, तुमचा रोग पोटात दिसतोय.

आधी पाण्यावरचा संशय मिटवू. ११०० टीडीएस एंजलला जास्तच आहे, पण मॉलीला जड पाणी मानवतं. मॉलीसुद्धा वाळतेय म्हणजे दोष नुसत्या जडपणाचा नाही. तरी उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घालू नका. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात आणि टीडीएस चढत जातो. भर आरओच्या पाण्याची, बदल मात्र बोअर आणि आरओ मिसळून, तोही हळूहळू. अमोनिया शून्यच ठेवा. पीएच ८.२ आणि ३० अंशांना एकूण अमोनियाचा साधारण नववा हिस्सा विषारी रूपात असतो, पीएच ७ ला तो एक टक्काही नसतो.

३३ अंशांना माशाची भूक आणि ऊर्जेचा खर्च दोन्ही वाढतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो. त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा.

आता खरं काम. एकेक मासा खाताना नीट बघा: दाणा गिळतो, की तोंडात घेऊन थुंकतो? थुंकत असेल तर तोंड, घसा किंवा दाण्याचा आकार तपासा. गिळूनही वाळत असेल तर आतडं. खाद्य सुटं, पिशवीतलं असेल तर आधी ते बदला. उघड्यावर राहिलेल्या खाद्यातलं सी जीवनसत्त्व उडून जातं.

गोदाकाठ, नांदेड
दादा, जिवंत पिल्लं देणारे मासे खाऊनही वाळत असतील तर मला पहिला संशय कॅमॅलॅनस जंतांचा. पिल्लं, गप्पी, मॉली यांच्या गुदद्वारातून तांबडे, केसासारखे धागे डोकावतात. मासा हलला की आत जातात, म्हणून खाद्य टाकताना दिसत नाहीत. मासा स्थिर असेल तेव्हा बाजूने टॉर्च मारून बघा. विहिरी-तळ्यातलं जिवंत खाद्य देता का? सायक्लॉप्स या पाण्यातल्या बारीक जीवातून हा जंत येतो, आणि एकदा टाकीत शिरला की सायक्लॉप्सशिवायही माशातून माशात पसरतो.

काचपट्टी, परभणी
एंजलचं प्रकरण वेगळं असू शकतं. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा उपाशी माशालाही होते, ती रोगाचा पुरावा नव्हे. स्पायरोन्यूक्लियस, म्हणजे आतड्यातला एकपेशी परजीवी, आहे का, हे सूक्ष्मदर्शकानेच ठरतं. रिकाम्या टबात एंजल ठेवा, विष्ठा पडताच ड्रॉपरने उचला, टाकीच्याच पाण्याचा थेंब, वर कव्हर स्लिप, आधी १०० पट मग ४०० पट. पाच-दहा मिनिटांत बघा. ते जीव हलतात तोवरच ओळखू येतात, विष्ठा शिळी झाली की काही कळत नाही. दोन्ही टोकांना बूच असलेली पिंपासारखी अंडी दिसली तर कॅपिलारिया जंत. तुम्हाला उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय जवळ आहे, विचारून बघा. मेलेला मासा न्यायचा तर ताजा, फ्रिजमध्ये गार करून. डीप फ्रीझ केला की पेशी फुटतात.

पोट उघडल्यावर यकृत, प्लीहा, मूत्रपिंडावर पांढरट-पिवळ्या गाठी दिसल्या तर माशांचा क्षय समजा. पक्कं करायला झील-नील्सन रंगाची, म्हणजे क्षयाचे जिवाणू दाखवणाऱ्या रंगाची स्लाइड. त्यावर घरगुती उपाय नाही. मेलेले मासे लगेच काढा, बाकीच्यांनी कुरतडले की रोग पसरतो. हा जिवाणू माणसाच्या कातडीलाही लागतो, हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. बोटावर बरी न होणारी गाठ आली तर डॉक्टरला फिश टँकबद्दल आवर्जून सांगा. जाळी-चिमट्यांना ७० टक्के अल्कोहोल.

मांजराकाठ, लातूर
टॉर्चने सापडलं. दोन मॉलींना तांबडे धागे, हलली की गायब. एंजलची स्लाइड अजून बघायची आहे. औषध किती?

गोदाकाठ, नांदेड
मात्रा टाकीच्या आकारावर नाही, पाण्यावर काढा. खडीवरचं पाणी ११ इंच, म्हणजे साधारण ६५ लिटर, खडीच्या फटींतलं धरून ६७–७०. लेव्हामिसोल हे जंताचं औषध लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅमची एक गोळी बरोबर बसते. बारीक कुटून पाण्यात विरघळवा, गाळून टाका. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा. दिवे बंद, टाकीवर कापड, कारण उजेडात औषध खराब होतं. एअर पंप जोरात.

हे औषध जंताला लुळा करतं, मारत नाही. २४ तासांनी खडीतून सायफन लावून पडलेले जंत ओढून काढा आणि निम्मं पाणी बदला. हे टाळलं तर सगळं फुकट. दोन-तीन आठवड्यांनी तीच मात्रा पुन्हा.

गुरांच्या औषधाची बाटली घेत असाल तर लेबल वाचा. बऱ्याच बाटल्यांत लेव्हामिसोलसोबत ऑक्सिक्लोझॅनाइड हे दुसरं औषध असतं, ते माशांसाठी नको.

काचपट्टी, परभणी
एंजलच्या स्लाइडवर हलणारे जीव दिसले तरच त्यांच्यावरचं औषध, मेट्रोनिडाझोल. खात असेल तर खाद्यातून द्या: ४०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा १० ग्रॅम खाद्याला, कोमट जिलेटिनमध्ये कालवून, पाच दिवस. चव कडू, तेव्हा थोडा लसणाचा रस घाला. खाणं सोडलं असेल तर पाण्यात, तुमच्या टाकीला ४०० ची एक गोळी, एक दिवसाआड तीन वेळा, प्रत्येक वेळी आधी चौथाई पाणी बदलून. लेव्हामिसोल आणि हे एकाच आठवड्यात टाकू नका, मासा मेला तर कशाने मेला ते कळणार नाही.