मदत हवी आहे: ओर्ता बंदरात एकच मोकळा दिवस

शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर विद्यार्थी म्हणून अटलांटिक पार करतोय. अझोर्समधल्या फायाल बेटावर, ओर्ताला, एक दिवस सुट्टी आहे. रात्रीच्या पहाऱ्याआधी परतायचंय.

कापेलिन्योस मला बघायचंच आहे. १९५७-५८ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात तिथल्या दीपगृहाचा तळमजला राखेत गाडला गेला, वरचा मनोरा अजून उभा आहे. पण ते बेटाच्या पार पश्चिम टोकाला, बंदर पूर्वेला. बसच्या भरवशावर राहावं की चौघांत टॅक्सी करावी?

शिवाय धक्क्यावर आपल्या जहाजाचं चित्र काढल्याशिवाय ओर्ता सोडायचं नाही, ही खलाशांची जुनी रीत. ती मोडायची माझी तरी तयारी नाही! दमट हवेत ऑइलपेंट किती वेळात सुकतो? सकाळी आधी तेच उरकावं का?

जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.