मदत हवी आहे: १९२८ च्या गहू-पावत्यांवरच्या तुटीचा हिशोब लागत नाही

कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या एका छोट्या गावच्या संग्रहालयासाठी लाकडी ग्रेन एलिव्हेटरच्या (शेतकऱ्यांचं धान्य घेऊन साठवणाऱ्या उंच कोठाराच्या) जुन्या पावत्यांची नोंद चालू आहे. हिशोब सरळ असायला हवा: भरलेल्या गाडीचं वजन, वजा रिकाम्या गाडीचं, वजा डॉकेज (काडीकचरा, तणाचं बी), भागिले ६०, कारण गव्हाचा बुशेल (धान्याचं माप) ६० पौंडांचा.

एक नमुना बघा. निव्वळ ३,६०० पौंड, डॉकेज २ टक्के म्हणजे ७२. उरले ३,५२८, म्हणजे ५८ बुशेल ४८ पौंड. पावतीवर मात्र ५८ बुशेल १० पौंड. ३८ पौंड गेले कुठे?

बाकीच्या रोख (माल तिथेच विकल्याच्या) पावत्यांवरही तूट साधारण एक टक्क्याच्या आसपास, पण नेमकी एक कधीच नाही. ओटच्या पावत्या ३४ पौंडांच्या बुशेलने तपासल्या, तिथेही तेच. शेतकऱ्याचा माल वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या ‘स्पेशल बिन’ पावत्यांवर तूट शून्य. म्हणून काटा चुकीचा होता असं वाटत नाही. ओलाव्याचंही नसावं, ओला गहू असेल तर प्रतीपुढे ‘टफ’ लिहिलेलं असतं, या पावत्यांवर साधं ‘नंबर २ नॉर्दर्न’ आहे. अक्षर स्वच्छ आहे, वाचण्यातली चूक नाही.

माझा संशय ‘श्रिंकेज’वर आहे, म्हणजे हाताळणीतली घट, आपल्या अडतीतल्या कडत्याचाच भाऊ. पावतीवर त्याचा रकाना नाही.

तेव्हाच्या प्रेअरी (कॅनडाच्या गवताळ मैदानी भागातल्या) एलिव्हेटरांचे हिशोब पाहिलेल्यांना विचारायचंय: ही घट डॉकेजच्या आधी धरत की नंतर, आणि टक्केवारीने काढत की छापील तक्त्यावरून?