तूट आपली, मोजपट्टीही आपलीच?

लंबक
परवा चहावर एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, ग्रीसने आपल्या सरकारी तुटीच्या आकड्यांबद्दल थापा मारल्या, युरोप फसला, विषय संपला. मला हे पटत नाही. युरोप फसला नाही, त्याने कानाडोळा केला.

थोडक्यात मामला असा. युरोपीय संघातल्या देशाची सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांत आणि कर्ज ६० टक्क्यांत असावं, हा नियम. वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरच्या आत, प्रत्येक देश आपले आकडे लक्झेंबर्गला युरोस्टॅटकडे, म्हणजे संघाच्या सांख्यिकी कार्यालयाकडे पाठवतो. पोरानेच पेपर तपासायचा आणि मास्तरांनी बेरीज तेवढी बघायची, असा प्रकार.

ग्रीस २००१ मध्ये युरो या सामायिक चलनात आला तो १९९९ च्या आकड्यांच्या जोरावर. २००४ मध्ये उकरून काढल्यावर त्या वर्षाची तूट निघाली ३.४ टक्के. लष्करी खरेदीसाठी काढलेलं कर्ज दिसत होतं, पण खरेदी खर्चात धरलेलीच नव्हती! एवढं झाल्यावर युरोस्टॅटला थेट सरकारी खाती उघडून बघायचा अधिकार द्या, असा प्रस्ताव आला. सदस्य देशांनी तो २००५ मध्ये पातळ करून टाकला. मग २००९ च्या ऑक्टोबरात अथेन्समध्ये सरकार बदललं आणि त्या वर्षाच्या तुटीचा ३.७ टक्क्यांचा अंदाज १२.५ वर गेला. पुढच्या एप्रिलात १३.६, नोव्हेंबरात १५.४. मोजायचं वर्ष तेच, २००९.

माझं मत: आकडा काढणारा माणूस अर्थमंत्र्याच्या हाताखाली असेल तर बाकी नियम कागदावरच राहणार. तपासणी बाहेरच्याने करावी, सक्तीने.

वाकडी_वाट
बाहेरच्याने म्हणजे कोणी? ज्यांनी स्वतःचे ताळेबंद रंगवले त्यांनी? १९९७ हे युरोत प्रवेशासाठीचं परीक्षेचं वर्ष. फ्रान्स टेलिकॉमकडून फ्रेंच सरकारने ३७.५ अब्ज फ्रँक एकरकमी घेतले आणि त्या बदल्यात कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा बोजा स्वतःच्या डोक्यावर घेतला. पैसे आज जमा, पेन्शन पुढची कित्येक वर्षं. तूट खाली आली आणि युरोस्टॅटने मान डोलावली. त्याच वर्षी जर्मन अर्थमंत्री सोन्याच्या साठ्याची किंमत नव्याने लावून कागदावरच्या नफ्याने आकडे सुधारायला निघाले होते, बुंडेसबँक, म्हणजे जर्मनीची मध्यवर्ती बँक, आडवी आली म्हणून राहिलं. २००३ मध्ये जर्मनी-फ्रान्सने ३ टक्क्यांची रेघ ओलांडली तेव्हा संघातल्या अर्थमंत्र्यांच्या परिषदेने कारवाई गुंडाळून ठेवली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

ग्रीसचा गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेबरोबरचा २००१ चा, कर्ज कागदावर कमी दाखवणारा चलन-अदलाबदलीचा सौदा सगळे उगाळतात. पण असल्या सौद्यांबद्दलचे नियम २००८ पर्यंत धड स्पष्टच नव्हते. नियमातली फट वापरणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे, आणि फटी सगळ्यांनीच वापरल्या.

खतावणी
तुम्ही दोघेही वरच्या मजल्यावरचं बोलताय. मी सरकारी हिशेबात तीसेक वर्षं काढली. लपवाछपवी कुठे होते सांगतो. एका जिल्ह्याच्या कार्यालयात (नाव नको) टेबलाचा डावीकडचा खालचा खण 'एप्रिलचा' म्हणून प्रसिद्ध होता. अनुदान संपलं की फेब्रुवारीपासूनची बिलं त्यात. औषधं येऊन वापरून संपलेली, पुरवठादार रोज दारात, आणि ३१ मार्चला आमचा खर्च मात्र तरतुदीच्या आत. आम्ही खोटं काहीच लिहिलं नव्हतं. लिहिलंच नव्हतं.

स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतात हेच झालं. दवाखान्यांचा खर्च वर्षानुवर्षं खात्यावर चढवलाच नाही. युरोपची पद्धत उपार्जित, म्हणजे देणं झालं त्या दिवशी खर्च, पैसे दिले त्या दिवशी नव्हे. तरी बिलं बाहेर. यातली मजा बघा, प्रांताच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी आपल्या अहवालांत हे छापलं होतं. लक्झेंबर्गचा साहेब वर्षातून चार दिवस येऊन माझा खण उघडणार आहे का? तुमची 'बाहेरची तपासणी' म्हणूनच मला पोकळ वाटते. स्थानिक अहवाल कोणीतरी वाचा, बस.

लंबक
खतावणी, खण आवडला. पण स्थानिक अहवाल होता तरी काही हललं नाही, हे तुम्हीच सांगताय. हललं ते बाहेरून दट्ट्या बसल्यावर. २०१० मध्ये युरोस्टॅटचे अधिकार वाढले, २०११ मध्ये खोट्या आकड्यांसाठी जीडीपीच्या ०.२ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद झाली आणि २०१५ मध्ये स्पेनला १ कोटी ८९ लाख युरोंचा दंड लागला. स्पेन कोर्टात गेला, २०१७ मध्ये तिथेही हरला.

वाकडी_वाट, मोठे सुटले हे मान्य. म्हणून छोट्यांनाही सोडा?

तिरपागडा
दंड भरला कोणी? करदात्याने. खर्च लपवला तेव्हाही त्याच्याच माथी. वा!

आणि ग्रीसमध्ये १५.४ हा आकडा काढताना सरकारी महामंडळांची तूट आत ओढली, हे कोणी लिहिलं नाही. त्या आकड्याच्या पाठोपाठ म्हाताऱ्यांची पेन्शनं कापली गेली. एवढा मोठा निर्णय सांख्यिकी मंडळाच्या सदस्यांना न विचारता एकट्या प्रमुखाने घ्यावा? लोकांना संशय येणारच.

लंबक
तो प्रमुख म्हणजे आंद्रेआस जॉर्जिऊ. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतली नोकरी सोडून २०१० मध्ये आला. त्याचे आकडे युरोस्टॅटने दर वेळी विनाशर्त स्वीकारले. बक्षीस काय, तर तूट फुगवल्याचा खटला. शेवटी शिक्षा झाली ती आकडे मंडळाच्या मतदानाला टाकले नाहीत म्हणून, दोन वर्षं, स्थगित. ताप किती हे थर्मामीटर सांगतो. घरातल्यांनी हात वर करून ठरवायचा असतो का? २०२३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की त्याला न्याय्य सुनावणी मिळाली नाही. ज्यांनी चुकीचे आकडे पाठवले त्यांच्यापेक्षा बरोबर पाठवणाऱ्यालाच कोर्टाच्या पायऱ्या जास्त चढाव्या लागल्या.

वाकडी_वाट
जॉर्जिऊवर अन्याय झाला, वाद नाही. पण थर्मामीटरची उपमा चुकली. ताप निसर्गाचा असतो. कोणतं महामंडळ 'सरकार' धरायचं हे माणसं ठरवतात. जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचं कर्ज जर्मन सरकारच्या कर्जात धरत नाहीत. पुस्तकात नियम आहे, बरोबर. पुस्तक लिहिताना टेबलाभोवती कोण बसलं होतं, तेही विचारा.

खतावणी
हे मात्र खरं. आपल्याकडे अन्न महामंडळ बरीच वर्षं धान्याच्या अनुदानाची थकबाकी अल्पबचत निधीतून कर्ज काढून भागवत होतं, म्हणजे तुमच्याआमच्या पोस्टातल्या पैशातून. केंद्राच्या तुटीत ते दिसत नसे. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते अंगावर घेतलं. २०२०-२१ ची सुधारित तूट ९.५ टक्के दिसली त्यात कोविड होताच, पण हा जुना खणही होता. कॅगने आधीच लिहून ठेवलं होतं बरं का.

तिरपागडा
म्हणजे खण सगळीकडे डावीकडचा खालचाच. तुमच्या त्या पुरवठादाराला पैसे मिळाले का शेवटी?

खतावणी
जूनमध्ये. तोवर पुढच्या वर्षाचं अनुदान निम्मं संपलं होतं.